माशांचा घागरा

फार फार मागं, डोंगराला डोंगर चिकटलेल्या मुलखात, मियाओ लोकांची एक पोरगी होती. एका जागी बसेल तर शपथ. बूड टेकलं की मुंगी चावल्यागत उठायची. हसू नका, तुमच्यातही आहेत अशा दोघी-तिघी, मी नावं घेत नाही.

त्या लोकांना लिहायला अक्षरं नव्हती. मला तरी कुठं धड येतात, म्हणा. आपलं कूळ कुठलं, पूर्वज कुठल्या नद्या ओलांडून आले, सगळं ते दोऱ्यानं घागऱ्यावर भरायचे. पोरीनं आपला घागरा आपणच भरायचा आणि तो घालून जत्रेत नाचायचं. नाचातच लग्नं जुळायची. एका कुळात मात्र लग्न नाही, ती सगळी भावंडं.

पलीकडच्या डोंगरावरच्या एका पोरानं हिला ओढ्यावर विचारलं होतं, "यंदा नाचायला येशील ना?" तेव्हापासून हिचा डोळ्याला डोळा नाही. आणि घागऱ्यावर म्हणाल तर एकच नदी, तीही अर्धी.

आजी म्हणाली, "बस की गं जरा. हे फुलपाखरू आपल्या कुळाचं. इथून टाका घे."

"फुलपाखरू काय नि मासा काय, आजी. नाचताना कोण बघतंय?"

"आम्ही म्हाताऱ्या तेवढंच बघतो."

पण ऐकायला पोरगी होती कुठं? केव्हाच अंगणात पळाली होती.

जत्रेच्या आदल्या दिवशी जुने कपडे विकणारी बाई दारावर आली. तिच्या गाठोड्यात एक पुरा भरलेला घागरा होता, काठभर चमचमते मासे. पोरीनं हातातली चांदीची बांगडी काढून दिली आणि घागरा आजीच्या नकळत दडवला.

जत्रेत ती नाचली, आणि काय नाचली. तो पोरगा हसत पुढं आला. मग त्याची नजर काठावर गेली आणि पाय तिथंच थांबले. मागून त्याची आई आली, काठ चाचपून बघितला.

"अगं बाई, हे तर आमच्या कुळाचे मासे. आपलीच लेक की तू." आणि पोराकडं वळून म्हणाली, "बघत काय उभा राहिलास? बहिणीला पाणी दे."

"घे ताई," पोरगा मान खाली घालून म्हणाला.

"मी तुमची नाही हो," पोरगी रडकुंडीला आली. "घागरा विकत घेतलाय मी."

"मग तुझा कुठाय?"

"घरी. अर्धाच झालाय."

"बाळे, चारचौघांत तो तुला ताई म्हणाला. आता ते पुसता येत नाही. आमच्यात तशी रीतच नाही."

पुढं त्याचं लग्न झालं, दुसरीशी. पोरीला मानाचं बोलावणं आलं. नवरदेवाची बहीण म्हणून सगळ्यांच्या पुढं बसवलं, पहिलं ताट तिलाच वाढलं. ती नवरीच्या घागऱ्यावरचे टाके मोजत बसली.

उसनी ओळख अंगावर चढवली, की नातंही उसनंच पदरात पडतं.