बोरखडीची अकरा मतं

तुमच्या गावानं मागच्या निवडणुकीत कुणाला किती मतं दिली, सांगता येईल तुम्हाला?

सुधाकरभाऊ काळमेघांना सांगता येत होतं. आपल्या एका गावाचंच नाही, अंजनखोरे लोकसभा मतदारसंघातल्या प्रत्येक गावाचं. तीन महिन्यांपूर्वी ते खासदार झाले होते आणि तेव्हापासून मतदान केंद्रांच्या आकड्यांचे कागद त्यांच्या पिशवीत असत. पण कागद काढायची गरज पडत नसे. आकडे त्यांना पाठ होते.

पोळ्यानंतरच्या सोमवारी सकाळी ते पुनाजी महाराजांकडे आले.

पुनाजी महाराज म्हणजे कुणी मोठ्या गादीचे साधू नव्हेत. चौतीस वर्षं तहसील कचेरीत चपराशी होते. निवृत्त झाल्यावर गावाबाहेर चिंचेखाली टिनाच्या एका खोलीत राहू लागले, गुरुवारी खंजिरीवर भजन म्हणू लागले. लोक महाराज म्हणू लागले, त्यांनी नको म्हटलं नाही. सुधाकर कॉलेजात असल्यापासून त्यांच्याकडे येत असे.

महाराज ओसरीवर तूर निवडत बसले होते. सुधाकरभाऊ पाया पडले आणि त्यांनी एक कागद पुढे केला.

"यादी आहे महाराज. खासदार निधीतून करायच्या कामांची. उद्या सकाळी कलेक्टर कचेरीत द्यायची. तुमचा हात लागावा म्हणून आणली."

महाराजांनी कागद डोळ्यांजवळ धरला.

"हे तांबडं काय खोडलंय?"

"बोरखडीच्या नाल्यावरचा पूल."

"आणि खाली हे नवीन?"

"पिंपळखुट्याची स्वागत कमान."

महाराज तुरीतले खडे काढत राहिले.

"पिंपळखुट्याला नाला नाही," थोड्या वेळानं ते म्हणाले.

"पिंपळखुट्यानं मला शंभरातली नव्वद मतं दिली, महाराज. बोरखडीनं किती दिली ठाऊक आहे? तीनशे सेहेचाळीस लोकांनी मतदान केलं. मला पडली अकरा."

"अकरा..."

"माझं आजोळ आहे ते." सुधाकरभाऊंनी खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं. "माझी आई त्या गावची. मी त्या नाल्यात पोहायला शिकलो. अकरा मतं, महाराज. त्यांना पूल कशाला हवा? ज्याला मतं दिली त्याच्याकडे मागावा."

महाराजांनी सूप बाजूला ठेवलं.

"ते अकरा कोण?"

"कोण अकरा?"

"तुला मत देणारे. तीनशे पस्तीस तू धरून बसलास. अकरा कोण आहेत?"

हा प्रश्न तीन महिन्यांत सुधाकरभाऊंना एकदाही पडला नव्हता.

"ते कसं कळणार? मत गुप्त असतं."

"हो का."

महाराज उठले, माठातलं पाणी प्यायले, पुन्हा येऊन बसले.

"पहिली निवडणूक झाली तेव्हा उमेदवार तितक्या पेट्या असायच्या. ज्याला द्यायचं त्याच्या पेटीत कागद टाकायचा. माझी आई सांगायची. ती आत गेली आणि चारही पेट्यांवर झेंडूचं एकेक फूल ठेवून आली. मत एकीत टाकलं, फूल चौघींवर ठेवलं."

"भोळी माणसं होती."

"असतील. पुढे पेटी एक झाली, शिक्का आला. मोजताना मात्र गावागावाची पेटी वेगळी मोजायचे. एका निवडणुकीनंतर चिंचघाटच्या विहिरीचं काम अर्ध्यावर बंद पडलं. का बंद पडलं ते कुणी लिहिलं नाही. पण सगळ्यांना कळलं."

सुधाकरभाऊ जमिनीकडे बघू लागले.

"मग वरून हुकूम आला. पेट्या उघडा, साऱ्या गावांची मतं एका पिंपात टाका, मिसळा आणि मग मोजा. पिंप ढवळायचं काम माझं. चार निवडणुका ढवळलं मी. कोपरापर्यंत हात घालायचा आणि खालचं वर, वरचं खाली. हा उजवा खांदा तेव्हापासून दुखतो."

"त्यानं काय व्हायचं?"

"निवडून आलेला माणूस दुसऱ्या दिवसापासून गावोगाव हात जोडत फिरायचा. कोणत्या गावानं दिलं आणि कोणत्या गावानं नाही, त्याला माहीतच नसायचं बिचाऱ्याला."

महाराज हसले. सुधाकरभाऊ हसले नाहीत.

"आता यंत्र आहे, महाराज. गावागावाचा आकडा छापून येतो."

"येतो खरा... मग त्या अकरांचीही नावं छापून यायला हवी होती. त्यांनी काय केलं, की त्यांचा पूल खोडलास?"

सुधाकरभाऊंनी यादी उचलून तिची घडी घातली.

"जा बोरखडीला. ते अकरा शोध. सापडले तर त्यांची नावं घेऊन ये. कमानीला माझा हात लागेल."

गाडी नाल्याच्या अलीकडेच थांबली. पाणी गुडघ्याच्या वर होतं. सुधाकरभाऊंनी चपला हातात घेतल्या, पायजमा वर खोचला, कार्यकर्त्यांना गाडीतच बसायला सांगितलं आणि ते एकटेच पलीकडे गेले.

खासदार पाण्यातून चालत आले, ही बातमी त्यांच्या आधी चावडीवर पोचली.

त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "मला या गावात अकरा मतं पडली. ज्यांनी दिली त्यांना भेटायला आलोय. बाकीच्यांवर राग नाही," ते म्हणाले. शेवटचं वाक्य खरं नव्हतं.

सरपंच उठले.

"भाऊ, आमच्या घरची सहाही मतं तुमचीच."

"आमची चार."

"माह्यं आन् माह्या बुढीचं धरा, भाऊ."

सुधाकरभाऊंनी खिशातली वही काढली आणि ते लिहू लागले. अकरा तर पहिल्या दोन मिनिटांतच झाले. मग ते घरोघर गेले. दारात भांडी घासणाऱ्या बाया, गोठ्यातले गडी, बाजेवरचे म्हातारे, सगळ्यांनी त्यांनाच मत दिलं होतं. एकानं बैलाच्या पाठीवर हात ठेवून शपथ घेतली. विरोधी उमेदवाराच्या वतीनं मतदान केंद्रात दिवसभर बसलेला माणूसही पुढे आला.

"बसलो त्याच्या बाजूनं, भाऊ. बटन तुमचंच दाबलं."

"खरं?"

"त्याचा डबा खाल्ला म्हून का मत देऊ त्याले?"

लोक हसले. सुधाकरभाऊंनी त्याचंही नाव लिहिलं.

दुपार कलली तेव्हा वहीत दोनशे बारा नावं होती.

गावाच्या टोकाला एक घर उरलं होतं. दारात कौतिकाबाई गोवऱ्या रचत होती. सत्तरी ओलांडलेली, पाठीत वाकलेली. तिनं हात धुतले नाहीत की पदर सावरला नाही.

"शेवंताचा पोरगा ना तू?"

"हो, मावशी."

"म्या नाई देल्लं तुले मत."

सुधाकरभाऊंचा पेन वहीवर तसाच थांबला. दिवसभरात असं म्हणणारी ती पहिलीच होती.

"काऊन नाही दिलं, मावशी?" तेही नकळत तिच्या बोलीत गेले.

"तू मांगाले आलाच नाई."

"आजोळ आहे माझं. घरच्यांना काय मत मागायचं?"

"लगनात घरच्या बायायले कुकू लावतेत का नाई?"

"लावतात."

"नाई लावलं त?"

सुधाकरभाऊंनी वही मिटली.

"मंग," कौतिकाबाई म्हणाली आणि तिनं पुढची गोवरी उचलली. "थो दुसरा चार खेपा आला. एक बार त नाल्यात पडला, वल्ल्या धोतरानं उभा होता इथं, तू उभा हायेस तिथं. म्या म्हटलं, याले देऊ. साऱ्या गल्लीले म्याच सांगतलं."

"साऱ्या गल्लीला?"

"त काय चोरून सांगू? शेवंता असती त तिलेही सांगतलं असतं." तिनं एकदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "पाय वल्ले हायेत तुह्ये. बस बाजीवर. चाय पेऊन जाय."

चहा गुळाचा होता. तो पिऊन होईपर्यंत ती शेवंताच्या लहानपणाबद्दल बोलत होती. पुलाचं तिनं नावही काढलं नाही. निघताना सुधाकरभाऊंनीच विचारलं.

"नाल्याला पाणी आलं की काय करता, मावशी?"

"वाट पायतो," ती म्हणाली. "उतरते पाणी. कवा दोन दिवसांनं, कवा चार. मांगच्या साली सून बाळंतपणाची अडली, तवा नाई उतरलं."

एवढं बोलून ती कपबशी विसळायला आत गेली.

ऊन उतरायच्या वेळी सुधाकरभाऊ चिंचेखाली परत आले. पायजम्याच्या कडा चिखल वाळून कडक झाल्या होत्या.

"सापडले का अकरा?" महाराजांनी विचारलं.

"सगळं गाव खोटं बोलतं, महाराज. दोनशे बारा जण म्हणाले, आम्ही दिलं."

"त्यात ते अकरा असतील."

"असतील. पण कोणते ते कसं ओळखणार? सगळ्यांनी तोंडावर सांगितलं. मला आधी राग आला. मग..." ते थांबले. "मग वाटलं, एवढ्या लोकांना माझ्यापुढे खोटं बोलावं लागलं."

महाराजांनी हुंकार दिला.

"एक म्हातारी मात्र नाही म्हणाली. कौतिकाबाई. नाही दिलं म्हणाली. गल्लीलाही देऊ दिलं नाही."

"तिनं आणखी काय केलं?"

"चहा पाजला."

चिंचेवर साळुंक्या भांडत होत्या.

"ते आकड्यांचे कागद आहेत जवळ?"

सुधाकरभाऊंनी पिशवीतून कागद काढले. चाळीसेक पानं होती. एकेका ओळीत गाव आणि त्यापुढे आकडा.

"फाड. गाव वेगळं आणि आकडा वेगळा."

सुधाकरभाऊंनी महाराजांकडे पाहिलं. मग त्यांनी फाडायला सुरुवात केली. काम सोपं नव्हतं, बराच वेळ लागला. महाराजांनी कोपऱ्यातलं घमेलं पुढे सरकवलं. कागदाच्या चिठोऱ्यांनी ते काठोकाठ भरलं.

"हात घाल."

"मी?"

"माझा खांदा दुखतो."

सुधाकरभाऊंनी दोन्ही हात आत घातले. खालचं वर केलं, वरचं खाली. पहिल्यांदा ओशाळत, मग नीट, मन लावून. पिंपळखुटा कुठे गेला आणि चिंचघाट कुठे गेला, काही दिसेना. त्यांच्या कपाळावर घाम आला. ते ढवळतच राहिले.

"पुरे."

ते थांबले.

"आता सांग. बोरखडीत तुझी माणसं किती?"

आकडा सुधाकरभाऊंना पाठ होता. पण घमेल्यात हात तसेच ठेवून ते बसून राहिले...

"दोनशे बारा," शेवटी ते म्हणाले.

महाराजांनी तुरीचं सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"चुकलास. दोनशे तेरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी खासदारांनी कामांची यादी कलेक्टर कचेरीत दिली. तिच्यात बोरखडीचा पूल होता, पिंपळखुट्याची कमान नव्हती.