खिंडीतली दवंडी

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंवर भयंकर चिडला. चिडण्याचं खरं कारण भीती होती, पण ते आपण कुणी कबूल करत नाही. त्यानंही केलं नाही.

हे गुरू राहत चार राज्यांच्या सीमा जिथे मिळतात त्या खिंडीत. पुष्कळ रक्त सांडून झाल्यावर चारही राजांनी मिळून एक करार केला होता. जिवाच्या भयानं जो खिंडीत येईल, त्याला परत ढकलायचं नाही. त्याचं नाव चारही राज्यांच्या वेशीवरच्या गावांत दवंडी पिटून सांगायचं. आरोप असेल तर सुनावणी चौघांच्या पंचांसमोर. आणि कुणी त्याला न्यायला आलाच, तर नेणाऱ्यानं आपलंही नाव जाहीर करायचं. असले करार राजांनी राजांसाठी केलेले असतात, असं आपण समजतो. हा एकट्यादुकट्या माणसासाठी होता, मग तो कुणाचीही प्रजा असो. या कराराची राखण गुरूंकडे होती, आणि हत्यार म्हणाल तर एक हलगी.

एके सकाळी हैबती नावाचा कुंभार धापा टाकत आला. पाय रक्ताळलेले, घशाला कोरड. त्याचा अपराध काय? पूर्वेच्या राज्यात शिपायांनी त्याच्या भावाला घरातून उचलून नेलं होतं. "माझा भाऊ कुठे आहे?" एवढंच हा वाड्याच्या दारात विचारत राहिला. उत्तर मिळालं, असा कोणी माणूस नव्हताच. दुसऱ्या दिवशी शिपाई याच्याही दाराशी आले.

शिष्यानं त्याला चटकन कोठीत, धान्याच्या पोत्यांमागे दडवलं. गुरूंनी बाहेर बोलावलं, उजेडात बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "नाव सांग. आईचंही सांग." मग त्यांनी हलगी शिष्याच्या हातात दिली. "चारही गावांत जा. चंद्राईचा मुलगा हैबती खिंडीत आहे, जिवंत आहे, एवढं सांगून ये."

शिष्याचे डोळे पांढरे झाले. "गुरुजी, लपवायचं सोडून दवंडी? अहो, शिपाई त्याचा माग काढतायत! हे म्हणजे आपणच त्याचा गळा कापणं झालं!"

"जा बाबा आधी. ऊन चढेल."

तो धुसफुसत गेला. तीन गावांत घसा फाडून ओरडला. चौथं गाव पूर्वेचं. वेशीवर भाले दिसले. एका चिंचेच्या आडून तो तसाच माघारी आला.

"चौथ्या गावात कोण भेटलं?" गुरूंनी विचारलं.

शिष्य हलगी खुंटीला अडकवू लागला.

"अरे, जिथे ऐकवायचं, नेमका तिथेच गप्प राहिलास?"

"मला धरतील गुरुजी!"

"धरतील कदाचित. मग तुझं नाव घेऊन मी फिरेन."

हे ऐकून भीती गेली असं मी सांगणार नाही. ती गेली नाहीच. तरी तो हलगी घेऊन पुन्हा निघाला. चौथ्या गावात त्यानं ती वाजवली, तशी विहिरीवरच्या बायका घागरी तशाच टाकून पांगल्या आणि दारं धडाधड लागली. एकच दार किलकिलं झालं. एक म्हातारी चौकट धरून उभी राहिली. "पुन्हा म्हण रे लेकरा, काय म्हणालास ते."

"चंद्राईचा मुलगा हैबती खिंडीत आहे. जिवंत आहे."

"माझा हैबती!" म्हणत म्हातारी उंबऱ्यावर मटकन बसली. वेशीवरच्या शिपायांनी मात्र शिष्याला अडवलं नाही. ते सरळ त्याच्या मागोमाग खिंडीपर्यंत आले.

दहा जण होते, आणि पुढे घोड्यावर नाईक. हैबतीनं त्याला पाहिलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले. भावाला उचलणारा हाच होता.

"त्याला आमच्या हवाली करा," नाईक गरजला.

"हा काय, तुमच्यासमोरच बसलाय," गुरू म्हणाले. "बाकीच्या तिन्ही राज्यांतून पंच निघालेत. तोवर थांबा, पाणी घ्या. आत्ताच न्यायचं असेल, तर दवंडीत घालायला तुमचं नाव लागेल."

"मी राजाचा माणूस."

"राजाचं नाव ठाऊक आहे मला. तुमचं सांगा."

नाईकाचा हात तलवारीच्या मुठीवर गेला. शिष्याचे दात वाजू लागले. पण खालून तिन्ही वाटांनी दवंडी ऐकलेली माणसं वर येताना दिसत होती. नाईक त्यांच्याकडे बघत राहिला, मग जमिनीवर थुंकला आणि घोडा वळवून निघून गेला. नाव त्यानं सांगितलं नाही.

"लपवलेल्या माणसाला लपूनछपूनच मारता येतं," संध्याकाळी गुरू म्हणाले. "हैबतीला आता चार राज्यं ओळखतात. त्याला मारून 'असा कोणी नव्हताच' म्हणायची सोय राहिली नाही. करारात जीव आहे तो एवढाच. दर वेळी माणूस वाचतोच असं नाही रे. माझ्या हयातीत दोघांना नेलंच. त्या दोघांची नावं मी अजून दर अमावास्येला चारही गावांत सांगतो."

वर्ष सरलं. पंचांनी हैबतीला केव्हाच निर्दोष सोडलं होतं. एका दुपारी वाटेवर एक माणूस अडखळत येताना दिसला. अनवाणी, कमरेला तलवार नाही, चेहरा सुजलेला. शिष्यानं ओळखलं. तोच नाईक! रिकाम्या हातानं परतलेल्या त्या नाईकाचं ओझं राजाला झालं होतं. पंचांनी हैबतीच्या भावाची आणि त्याला उचलणाऱ्या नाईकाची चौकशी लावली, तेव्हा राजानं उत्तर धाडलं, असा नाईक आमच्या पदरी कधी नव्हताच.

शिष्यानं गुरूंकडे पाहिलं. ते हातातलं काम करत राहिले. हैबतीचे घट्ट मिटलेले डोळे शिष्याला आठवले आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. याला आत घ्यायचं? याला? पण नाईकाचे दात वाजत होते. तो आवाज शिष्याच्या चांगला ओळखीचा होता.

त्यानं नाईकाला उजेडात बसवलं आणि पाणी दिलं. "पंच आले की हैबतीच्या भावाबद्दल तुला उत्तर द्यावं लागेल. सुटका नाही," तो म्हणाला. मग त्यानं खुंटीवरची हलगी काढली.

"नाव सांग," तो म्हणाला. "आईचंही सांग."

"शिदोजी," नाईक पुटपुटला. "आई सगुणा."

त्या दिवशी शिष्य सगळ्यांत आधी चौथ्या गावात गेला.