डोळे उघडेपर्यंत

एका डोंगराच्या कुशीत चुन्यानं रंगवलेलं इवलंसं चर्च होतं. त्याच्या मागच्या खोपटात रिबिका आणि तिची आई राहत. दोघींना तिसरं कुणी नव्हतं. तीन दिवस झाले, आई तापानं फणफणून डोळे मिटून पडली होती. डब्यात पीठ नव्हतं. त्या वर्षी पाऊस रुसला होता, त्यामुळे माठही तळाला गेला होता. रिबिका सारखी आईच्या नाकापुढे बोट धरून बघायची. श्वास लागला की तिला हायसं वाटे, आणि लगेच पुन्हा भीती वाटे.

खायला काही मिळेल म्हणून ती सीताफळीच्या रानात निघाली. तिथं तरस असतं असं सगळे सांगत, म्हणून ती चाहूल घेत, दबकत चालत होती. वाटेत बोरीच्या काट्यांत पोपटाचं पिटुकलं पिल्लू अडकलेलं दिसलं. पळून जावं असं तिला फार वाटलं, पण त्याला तसं सोडून जाववेना. तिनं एकेक काटा दूर केला, हात ओरबाडून घेतले आणि खिशातला भाकरीचा शेवटचा तुकडाही पिल्लाला भरवला.

पिल्लानं पंख फडफडवले, तशी पोपटी, मोरपंखी, सोनेरी चमचम झाली आणि तिथं बोटभर उंचीची परी उभी राहिली.

"भिऊ नकोस, बाळ," ती म्हणाली. "देणारा देवबाप. मी नुसती निरोप आणणारी."

तिनं एक झाड दाखवलं. त्याला एकच हिरवंगार सीताफळ होतं. सीताफळ पिकायला आलं की खवल्यांमधल्या फटी उजळतात, त्यालाच डोळे उघडणं म्हणतात. परीचा नेम सोपा होता. रोज सकाळी झाडाला तांब्याभर पाणी घालायचं. फळाचे सगळे डोळे उघडले की एक इच्छा बोलायची. त्याआधी तोडलं तर फळाचा दगड होईल.

रिबिकानं घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आईचे डोळे मिटलेलेच होते.

दुसऱ्या दिवशी फळ तसंच होतं. तिसऱ्या दिवशीही तसंच. शेजारची मार्थामावशी आईला चमचाचमचा पेज पाजायची, तेवढ्यावर आई तगून होती. मावशी मायेची, पण घायकुतीला आलेली. रिबिकाकडून फळाचं कळल्यावर ती म्हणाली, "अगं, तोडून आण नि माझ्या धान्यात पुरून ठेव, पिकेल. थांबायला वेळ आहे का तुझ्याकडं?"

चौथ्या दिवशी माठात एकच तांब्या पाणी उरलं होतं. तिनं निम्मं आईला पाजावं असा विचार केला, पण मावशीनं आपल्या घरून वाटीभर आणून दिलं, तेव्हा ती तांब्या घेऊन निघाली. पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतलं. वर पाहिलं तर फळाचा एकही डोळा उघडला नव्हता. तिचा हात देठाकडे गेला. आई मरून गेली तर काय करायचं हे फळ?

तेवढ्यात मागं पाचोळा वाजला.

तरस होतं. राखाडी, पट्ट्यापट्ट्यांचं, जीभ बाहेर काढून धापा टाकणारं. फळ तोडून त्याच्या अंगावर फेकावं आणि पळत सुटावं, एवढंच रिबिकाला सुचत होतं. देठ बोटांत होता. ती हमसून हमसून रडली आणि तिनं देठ सोडला. "देवबापा, मी नाही तोडत," ती पुटपुटली आणि खोडाला घट्ट मिठी मारून बसली.

तरस जवळ आलं. त्याचा ऊन ऊन श्वास तिच्या पायांना लागला. त्यानं मान खाली घातली आणि बुंध्याशी साचलेलं पाणी लपलप प्यायलं, थेंब न् थेंब. मग ते वळलं आणि आल्या वाटेनं निघून गेलं. बिचारं तहानलेलं होतं.

रिबिकानं हळूच वर पाहिलं. एक डोळा उघडला, मग दुसरा, मग फळभर गुलाबी चांदण्या लुकलुकल्या.

"माग," फळामागून पुढे येत परी म्हणाली.

"आईनं मला हाक मारावी."

फळ अलगद तिच्या ओंजळीत उतरलं. परी हसली, उजळत उजळत नुसता उजेड झाली आणि पानापानांत मिसळून गेली.

घरी येऊन रिबिकानं मऊ गर आईच्या ओठांना लावला. एक घास, दोन घास. आईचं कपाळ गार झालं, आणि मग तिनं डोळे उघडले.

"रिबू," आई म्हणाली, "आज झाडाला पाणी घातलंस का गं?"