सरा बाबा, कडू पाणी आलं

आधी पाय पांघरुणात घ्या. कुणाचा अंगठा बाहेर नको. घेतले? मग ऐका.

एकदा काय झालं, डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. सात घरांचं. गावाच्या वर रान, रानाच्या वर धुकं, आणि धुक्याच्या वर काय आहे ते कुणी पाहिलेलं नाही. त्या गावात अगदी कडेच्या घरात येसू नावाची सून राहायची. घरात तिची सासू बायजा, आणि पाळण्यात सहा महिन्यांची लेक, चिमा. येसूचा नवरा मीठ आणायला घाट उतरून गेला होता. तो आला की चिमाचं उष्टावण करायचं ठरलं होतं. तोवर चिमाच्या जिभेला आईच्या दुधाशिवाय काहीच लागलं नव्हतं. कोरी जीभ, बरं का. हे लक्षात ठेवा.

दिवस भाद्रपदाचे. शेतात भात उभं, पण हिरवं. कणगीत हात घातला तर बोटांना नुसती माती लागायची. मूठभर तांदूळ तेवढे एका गाडग्यात होते, ते चिमाच्या खिरीसाठी राखलेले. मग माणसांनी खायचं काय? रानातला पाला खायचा. रानात भारंगी होती. तिची कोवळी पानं गावानं आधीच खुडून नेली होती. येसूला मिळाली जून पानं. आणि जून भारंगी म्हणजे कडू जहर. ती अशी तशी शिजत नाही. पानं उकळायची, पाणी ओतायचं. पुन्हा उकळायची, पुन्हा ओतायचं. तीन पाणी गेली की पाला घट्ट पिळायचा, आणि मग घरात असेल ते घालून भाजी करायची. येसूला ते चांगलं जमायचं. नसलेल्या घरातसुद्धा तिची भाजी चवीची व्हायची.

त्या गावात एक रीत होती. बायजानं येसूला पहिल्याच दिवशी सांगितलं, "पोरी, उकळतं पाणी ओतायच्या आधी म्हणायचं, सरा बाबा, कडू पाणी आलं. मग जरा थांबायचं. मग ओतायचं."

"कुणाला म्हणायचं, आत्याबाई?"

"असेल त्याला."

"आणि कुणीच नसलं तर?"

"नसलं तर नसलं. बोलून तुझं तोंड झिजतंय होय?"

पण येसू होती लाजाळू. तिच्या माहेरी अशी रीत नव्हती. रिकाम्या जमिनीशी बोलायचं म्हणजे काहीतरीच, शेजारणी हसतील, असं तिला वाटायचं. मग ती काय करायची? सासू जवळ असली की पुटपुटायची. सासू नसली की गप्प ओतायची.

एके दिवशी सासू शेजारी गेली होती. टळटळीत दुपार. येसूनं परसात पहिलं पाणी ओतलं. गप्प. तर वाफ वर यायची, ती खाली गेली. येसूला वाटलं, वारा असेल. मग दुसरं पाणी ओतलं. तर जमिनीतून आवाज आला, घुटुक. येसूला वाटलं, बेडूक असेल. मग तिसरं ओतलं. तर जमीन म्हणाली, "हं."

येसू पळत घरात आली आणि तिनं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी, डोक्यावर ऊन आलं तेव्हा, दार वाजलं. पुढचं नाही, परसातलं. बायजानं उघडलं. दारात एक बुटका म्हातारा उभा होता. अंग मातीच्या रंगाचं. डोळे मिटलेले. त्याला सावली नव्हती. पण भर दुपारी सावली कुणाची दिसते? म्हणून दोघींना काही कळेना.

तो आत आला आणि चुलीसमोर पाटावर बसला. बसल्याबरोबर पाट ओला झाला. मग त्यानं तोंड उघडलं. जीभ हिरवी होती. काळीहिरवी, शिजलेल्या पाल्यासारखी.

"बये, मी परसात तोंड वर करून निजलो होतो," तो म्हणाला. "तू सरा म्हणाली नाहीस. माझी जीभ पोळली. वर कडू झाली. आता मला काही गोड लागत नाही, आणि कडू तोंडानं झोप येत नाही."

बायजानं येसूकडे पाहिलं. येसूनं खाली पाहिलं.

"आजपासून तीन दुपारी जेवायला येईन," तो म्हणाला. "ज्या घासाला गोड म्हणेन, त्या घासाला उठून जाईन. तिन्ही दुपारी नाही म्हणालो, तर ही कडू जीभ तुझ्या लेकीला, आणि तिची कोरी जीभ मला."

पाळण्यात चिमा पाय झाडत होती. तिला काय कळणार!

काय गं ठमे, घाबरलीस? ये, अशी जवळ ये. डोळे मिट पण कान उघडे ठेव.

म्हातारा पाटावरच बसून राहिला. मग येसू कामाला लागली. पानं उकळली. परसात ओतायची तिला भीती वाटली, म्हणून ती बांधाकडच्या गवतात गेली. मोठ्यानं म्हणाली, "सरा बाबा, कडू पाणी आलं." थांबली. मग तिन्ही पाणी ओतली. पाला पिळला. घरात मूठभर वाल होते. ते शिजवले, कांदा चिरला, वर लसूण ठेचून घातला. असा वास सुटला की शेजारच्या घरातून हाक आली, "काय गं येसू, कोण पाहुणे आले?"

"आहेत एक," येसू म्हणाली. दुसरं काय सांगणार?

म्हाताऱ्यानं घास घेतला. हळू चावला.

"कडू," तो म्हणाला. आणि गेला.

तेवढ्यात चिमाला भूक लागली. तिनं रडायला तोंड उघडलं, गाल लाल केले, डोळ्यांतून पाणी आलं. पण आवाज आला नाही. रडणं गेलं होतं.

मग उजाडली दुसरी दुपार. येसू पाणी ओतायला बांधाकडे गेली आणि तिथंच थबकली. काल जिथं पाणी ओतलं होतं तिथलं गवत काळं पडलं होतं. त्यात एक टोळ उताणा पडला होता. त्याला सरा म्हटलेलं कळलं नव्हतं. मग येसू पुढं गेली आणि जांभळाच्या मुळाशी पाणी ओतलं. घरी आली. आता वाल नव्हते. चिंचेचं एक बुटुक होतं, आणि खिरीसाठी ठेवलेला गुळाचा खडा होता. बायजा म्हणाली, "घाल तो गूळ. लेकीची जीभ गेली तर खीर कुणाला चारायची?" येसूनं चिंच कोळली, गूळ घातला, पातळ आंबटगोड भाजी केली.

म्हाताऱ्यानं वाटी तोंडाला लावली. बोटानं पुसून खाल्ली.

"कडू," तो म्हणाला. आणि गेला.

चिमाला बायजानं गुदगुल्या केल्या. चिमाचं तोंड हसलं. पण खिदळणं आलं नाही. एरवी पोर रडली की बायजा कुरकुरायची, "ही काय पोर आहे की तुतारी!" आता ती पाळण्याजवळ बसली आणि म्हणाली, "ओरड गं माझे बाई, वाटेल तेवढी ओरड." चिमा नुसती बघत राहिली.

मग तिसरी दुपार. घरात उरलं काय? जून पाला, मिठाचे चार खडे, आणि गाडग्यातले ते मूठभर तांदूळ. येसूनं तांदूळ धुतले. पानं उकळली. पाण्याचं भांडं घेऊन जांभळाकडे गेली. तर जांभळाची पानं एका रात्रीत गळून पडलेली! आणि झाडाखाली खार बसली होती, ती पुन्हा पुन्हा तोंड पुसत होती.

येसू भांडं घेऊन उभी राहिली. भांड्याचे चटके हाताला बसत होते. परसात ओतावं तर तिथं म्हातारा निजायचा. बांधावर ओतावं तर तिथं टोळ. झाडापाशी खार. कुठंही ओतलं तरी कुणाच्या ना कुणाच्या तोंडात जाणारच. ती बराच वेळ उभी राहिली. मग ते भांडं तसंच परत घेऊन घरात आली. तिन्ही पाणी तिनं एका भांड्यात साठवली आणि निवायला ठेवली. तोवर तांदूळ आणि पिळलेला पाला एकत्र शिजवून मऊ आसट भात केला.

दार वाजलं. म्हातारा आला, पाटावर बसला. येसूनं पान वाढलं. त्यानं घास उचलला. पण तो घास तोंडात जायच्या आधी येसूनं काय केलं माहीत आहे? ते कडू पाण्याचं भांडं उचललं आणि तोंडाला लावलं.

"अगं, काय करतेस!" बायजा ओरडली.

"ओतायला जागा नाही, आत्याबाई," येसू म्हणाली. आणि घटाघटा प्यायली. सगळं प्यायली, बरं का. तिचे ओठ वळले. कानात गुणगुण झाली. डोळ्यांपुढं अंधारी आली. जीभ आहे की लाकूड, तेच कळेना. ती धडपडत माठाकडे गेली, तांब्या बुडवला आणि पाणी प्यायली.

आणि तशीच उभी राहिली.

पाणी गोड होतं. गूळ घातल्यासारखं, शहाळ्यासारखं. माठातलं साधं पाणी! तिनं आणखी एक घोट घेतला. गोड. कडू खाल्ल्यावर पाणी गोड लागतं, बरं का. तुम्हीही कधी करून बघा.

मग येसूच्या लक्षात आलं आणि तिनं कपाळावर हात मारला. "आत्याबाई! तीन दुपारी हे आले. आपण पाट दिला, पान दिलं. पाणी कुणी दिलं का?"

बायजानं तोंडाला पदर लावला. दारात आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण भीतीनं दोघीही विसरल्या होत्या.

येसूनं तांब्या घासला, लख्ख केला. माठातलं पाणी भरलं. दोन्ही हातांनी म्हाताऱ्यापुढं धरला आणि म्हणाली, "चुकले बाबा. पाणी घ्या."

म्हाताऱ्यानं हातातला घास खाली ठेवला. तांब्या घेतला. प्यायला. त्याचा गळा हलत होता आणि आवाज येत होता, घुटुक, घुटुक. घरात दुसरा आवाज नव्हता. बायजा पाळण्यावर आडवा हात धरून उभी होती. तांब्या रिकामा झाला. म्हाताऱ्यानं तो हळूच पाटाशी ठेवला.

मग म्हणाला, "सांडलेलं पाणी मी पुष्कळ प्यालो, बये. दिलेलं पाणी आज प्यालो."

"कसं लागलं, बाबा?" येसूनं विचारलं.

"गोड," तो म्हणाला.

आणि त्यानं पहिल्यांदा डोळे उघडले. ते तुमच्याआमच्यासारखेच होते, फक्त फार पेंगुळलेले. तो उठला. पाट कोरडा झाला होता. परसाच्या दारात येसू उभी होती, तर तो थांबला आणि हळूच म्हणाला, "सर बये, मी चाललो." येसू सरली. तो परसात गेला, त्या जागी खाली बसला, मग आडवा झाला, आणि मग तिथं नुसती जमीन होती.

त्याच क्षणी पाळण्यातून असा भोंगा फुटला की विचारू नका! दोन दिवसांचं रडणं चिमानं एकदम काढलं. सातही घरांतल्या बाया दारात आल्या. बायजा रडत रडत हसत होती आणि म्हणत होती, "तुतारी गं माझी तुतारी!"

पान तसंच राहिलं होतं. मग तो कडवट भात दोघी सासवासुनांनी वाटून खाल्ला, आणि वर तांब्याभर पाणी प्यायल्या.

पुढं चार दिवसांनी नवरा मीठ घेऊन आला. सोबत तांदूळ आणि गुळाची ढेपही होती. उष्टावण झालं. चिमानं खीर चाखली, तोंड वेडंवाकडं केलं, आणि मग सगळी वाटी मागितली. त्या दिवसापासून येसू उकळतं पाणी आधी निववायची. मग परसात जाऊन मोठ्यानं म्हणायची, शेजारणी हसल्या तरी म्हणायची. मग थांबायची. जमिनीतून पेंगुळलेला आवाज यायचा, "सरलो." मगच ओतायची.

आणि चिमा बोलायला लागली तेव्हा तिचा पहिला शब्द कोणता असेल? आई नाही, आजी नाही. ती अंगणात बसून बोट दाखवून म्हणाली, "सला बाबा."

तिथं कुणीही नव्हतं. पण गवत जरा बाजूला झालं.

मग येसू, बायजा, चिमा आणि तिचा बाप, सगळे सुखानं राहिले. जांभळाला पुन्हा पालवी फुटली. परसातला म्हातारा अजून तिथंच निजलाय म्हणतात.

चला, आता चूळ भरून या आणि गुपचूप झोपा. आणि चूळ बाहेर टाकताना काय म्हणायचं?

हां. शहाणी माझी बाळं. म्हणा, आणि जरा थांबा.