सोमवारची किल्ली

"मग दवाखाना कुणाच्या भरवशावर सोडू, ब्रदर? ते तरी सांगा."

ब्रदर इनास काही बोलले नाहीत. मनोऱ्याच्या एक्क्याण्णव पायऱ्या चढून आले की ते पाच मिनिटं कुणाशीच बोलत नाहीत. वय एकोणऐंशी, दोन्ही गुडघे गेलेले. स्टुलावर बसून ते नुसते घड्याळाकडे बघत होते.

विचारणारी होती डॉक्टर विशाखा वर्तक. शाळेत ब्रदरांची विद्यार्थिनी. आता गावातला तीस खाटांचा दवाखाना तिच्या एकटीच्या डोक्यावर. गळ्याशी ओढणी गुंडाळलेली. ओढणीखाली लिंबाएवढी गाठ आहे, हे सगळ्या गावाला माहीत होतं. ऑपरेशनची तारीख तिने तीनदा पुढे ढकलली होती. चौथी तारीख पुढच्या सोमवारची, मुंबईला.

मी पास्कू. थोरल्या देवळाचा झाडूवाला, घंटावाला, पडेल ते काम करणारा. बिशपांची गादी इथे, म्हणून बाहेरचे लोक कॅथेड्रल म्हणतात. आम्ही देऊळच म्हणतो. हे घड्याळ दीडशे वर्षांपूर्वी जहाजातून आलं. लोक लांबून बघायला येतात, फोटो काढतात, जातात. दर सोमवारी सकाळी त्याला किल्ली कोण देतं, ते कुणी विचारत नाही. किल्ली ब्रदर देतात. तेलाची बुधली मी धरतो. चौदा वर्षं बुधलीच धरतोय. किल्लीच्या हँडलला हात लावू दिलेला नाही. असो.

"आमच्या ह्यांच्याशी बोला तुम्ही," डॉक्टर म्हणाली. "दिवाळीपर्यंत थांबलं तर काही बिघडत नाही, एवढंच सांगा. तुमचं ते ऐकतात."

"डॉक्टर तू आहेस. मी काय सांगणार?"

"मी सांगितलं की भांडण होतं."

"खरंच बिघडत नाही?"

ती खिडकीतून खाली बघत राहिली. खाली मासळीबाजार भरला होता.

"बिघडतं," ती म्हणाली.

…

ब्रदर उठले, हँडल उचललं आणि घड्याळाच्या पोटात बसवलं. फिरवायच्या आधीच त्यांना धाप लागली.

"द्या इकडे," डॉक्टर पुढे झाली. "या वयात कशाला करता हे?"

तिने हँडल जवळजवळ हिसकावलंच. ब्रदरांनी सोडलं. एकशे साठ फेरे असतात. दोर गुंडाळत जातो आणि खालच्या विहिरीसारख्या खड्ड्यातून लोखंडाचं मोठं वजन वर येतं. मग आठवडाभर ते हळूहळू उतरत राहतं, त्यावर घड्याळ चालतं.

हँडल फिरवायच्या आधी भिंतीवरचं छोटं वजन काढून बाजूच्या दांडीला टांगायचं असतं. ते राहिलं. मी तोंड उघडलं, तर ब्रदरांनी माझ्याकडे न बघताच हात वर केला.  मला काय, बुधली धरायची.

ती फिरवत सुटली. रागाने म्हणा, थकव्याने म्हणा, पण थांबेना. कपाळावरून घाम ओघळत होता. पन्नास झाले, साठ झाले.

"ऐकू येतंय का काही?" ब्रदरांनी विचारलं.

"काय?"

"ऐक."

तिने ऐकलं. लंबक हलत होता, पण टकटक बंद होती. काटा जागचा हलत नव्हता.

ती घाबरली. हँडल सोडून मागे सरली.

टक.

टक. टक.

तिने ब्रदरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पुन्हा हँडल धरून फिरवायला लागली. टकटक बंद. सोडलं. टक.

"हे असं काय?"

"आपण वजन वर ओढतो ना," ब्रदर म्हणाले, "तेवढा वेळ घड्याळाला कुणी ओढत नसतं."

"म्हणजे मी फिरवत होते तेवढा सगळा वेळ…"

"हो."

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"तू विचारलं नाहीस. हिसकावलंस."

 तिने मनगटावरचं घड्याळ बघितलं, मग मोठ्या घड्याळाचा काटा. चार मिनिटं मागे पडलं होतं.

ब्रदरांनी भिंतीवरचं छोटं वजन काढलं. केवढं ते, तराजूतल्या दोन किलोच्या मापाएवढं. दांडीला टांगलं.

"फिरव आता."

तिने फिरवलं. टकटक चालूच राहिली. तिने फेरे मोजले नाहीत, त्या छोट्या वजनाकडेच बघत होती.

"एवढंसं हे चालवतं?"

"पाव तास."

"आणि नंतर?"

"नंतर मोठं आहेच की."

…

फेरे पूर्ण झाले. ती जमिनीवरच बसली, कपडे मळतील याचाही विचार नाही. खरं सांगतो, इतकं थकलेलं माणूस मी मयतीच्या घरीसुद्धा बघितलेलं नाही.

"घड्याळ चार मिनिटं थांबलं तर कुणी मरत नाही, ब्रदर," ती हळू आवाजात म्हणाली. "माझ्याकडे मरतं."



  ब्रदर स्टुलावर बसून गुडघे चोळत राहिले.



"मागच्या महिन्यात," ती म्हणाली, "एका चार वर्षांच्या पोराला मी दहापट औषध लिहिलं. रात्रंदिवस जागून डोळ्यांपुढे आकडे नाचत होते. हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही."

"मग?"

"शेरलने पकडलं. ती नवी आलेली ज्युनियर डॉक्टर. सहा महिने झालेत तिला. सलाईन लावताना अजून हात थरथरतो तिचा."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मॅडम, हे एकदा परत बघता का… आणि मी तिच्यावर ओरडले. सगळ्यांसमोर."

तिने ओढणीने डोळे पुसले. ओढणी सरकली आणि गाठ दिसली. ब्रदरांनी बघितली. मीही बघितली. तिने पुन्हा झाकली नाही.

"पोरगा?"

"बरा आहे. घरी गेला."

टक. टक. छोटं वजन अजून दांडीलाच होतं. ब्रदरांनी ते काढलं, पण खिळ्यावर टांगलं नाही. तिच्या हातात दिलं. ती ते मांडीवर घेऊन बसली.

…

"ब्रदर," ती म्हणाली, "सोमवारी सकाळी आठला भरती व्हायचं आहे. तुम्ही याल का बरोबर? ऑपरेशन चालू असताना बाहेर बसायला. हे एकटे असले की फार घाबरतात."

ब्रदरांनी मान वर केली.

"सोमवारी?"

"सोमवारी."

"सोमवारी किल्ली असते."

"माहीत आहे."

"एकतीस वर्षांत एक सोमवार चुकलेला नाही. तापात आलो, आई गेली त्या सोमवारी आलो."

"माहीत आहे, ब्रदर. पास्कू देईल की."

"पास्कूला जमायचं नाही."

मला लागलं ते. लागणारच. चौदा वर्षं. पण मी बुधलीचं झाकण लावत बसलो.

डॉक्टर हसली. थकलेलं हसू, पण त्या दिवशीचं पहिलंच.

"सलाईन लावताना हात थरथरतो ना त्याचाही?" ती म्हणाली.



ब्रदरांचा चेहरा उतरला. मला आधी वाटलं, रागावले. रागावले नव्हते. आम्हाला शिकवताना फळ्यावर स्वतःचीच चूक सापडल्यावर जसे उभे राहायचे, तसे बसून होते. घड्याळातून काढलेलं हँडल या हातातून त्या हातात घेत होते. एकतीस वर्षांत त्याच्या लाकडी मुठीला त्यांच्या पंजाचा आकार आला होता.

दहाचे टोले पडायला हवे होते, चार मिनिटं उशिराने पडले. ब्रदर उठून खिडकीशी गेले आणि खाली वाकून बघितलं. कोळणी भाव करत होत्या. एसटी उभी होती. कुणी वर मान करून बघितलंसुद्धा नाही.

ते तसेच बघत राहिले.

मग माझ्यापाशी आले. माझ्या हातातली बुधली काढून घेतली आणि हँडल दिलं. जड होतं. वाटलं होतं त्याहून जड.

"छोटं वजन आधी," ते म्हणाले.

"माहीत आहे, ब्रदर."

"एकशे साठ."

"तेही माहीत आहे."

"हं."

डॉक्टरने छोटं वजन खिळ्याला टांगलं आणि ब्रदरांना हात दिला. दोघं जिन्याशी गेले, एक एक पायरी उतरायला लागले. सातव्या-आठव्या पायरीवर ब्रदर थांबले. मला वाटलं, परत येतात आणि हँडल काढून घेतात. मी ते छातीशी धरून उभा होतो.

"पास्कू," खालच्या अंधारातून त्यांचा आवाज आला, "सोमवारी थांबलं तर थांबू दे. आम्हाला मुंबईला फोन करू नकोस."