ओला साचा

एका नदीकाठच्या गावात एक ओतारी राहत होता. पितळ वितळवून तो घंटा ओतायचा. गाव त्याला आबा म्हणायचं. त्याच्या हाताखाली केरबा नावाचा शिष्य लहानाचा मोठा झाला होता. माती मळणं, साचा घडवणं, भट्टी लावणं, सगळं त्याला येत होतं.

मग शिदू नावाचा दुसरा शिष्य आला. हाताने धांदरट, पण शिकायची हौस मोठी. आबा दिवसभर त्याच्याजवळच उभे राहू लागले. त्याची बोटं धरून माती लावायला शिकवायचे, चुकलं की पुन्हा करून घ्यायचे. केरबाच्या कामावर मात्र जाता जाता एक नजर टाकायचे आणि पुढे निघून जायचे.

केरबाला ते सलू लागलं. शिदू हसला तरी त्याला राग यायचा. आपण इतकी वर्षं राबलो आणि कौतुक मात्र या कालच्या पोराचं, असं त्याच्या मनात सारखं येई.

अशात गावच्या देवळासाठी मोठी घंटा ओतायचं ठरलं. आबांनी साचा करायला सांगितला तो शिदूला. त्या दिवशी केरबाला जेवण गेलं नाही.

साचा वाळत ठेवला होता. ओतकामाच्या आदल्या दुपारी शिदू नदीवर गेलेला असताना केरबाने त्यावर बोटाने टकटक केलं. आवाज खणखणीत यायला हवा होता, तो बद्द आला. साचा आतून ओला होता. अशा साच्यात तापलेला रस पडला की आत वाफ कोंडते आणि साचा फुटतो, हे केरबाला पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी आबांनी त्याला विचारलं, साचा सुकला ना?

केरबाने होकारार्थी मान हलवली. फुटू दे एकदा, म्हणजे आबांना कळेल कोणाच्या हाती काम द्यायचं, असं त्याला वाटलं.

सकाळी भट्टी पेटली. गावकरी लांब उभे राहून बघत होते. आबांनी साचा पुन्हा तपासला नाही. केरबाने मान हलवली होती, तेवढं त्यांना पुरे होतं. आबा आणि केरबाने चिमट्यात धरून रसाने भरलेली मूस उचलली. साचा हलू नये म्हणून शिदू तो दोन्ही हातांनी धरून बसला. त्याचं तोंड साच्यापासून वीतभरच दूर होतं.

केरबाच्या डोळ्यांपुढे आतापर्यंत फक्त फुटलेला साचा होता. शिदूचा हा चेहरा त्याने हिशेबात धरलाच नव्हता.

"थांबा," तो म्हणाला. "साचा ओला आहे."

मूस खाली ठेवली गेली. आबांनी साच्यावर बोट वाजवलं. मग त्यांनी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"काल दुपारी."

आज घंटा होणार नाही, असं सांगून आबांनी गावकऱ्यांना परत पाठवलं. केरबा आपलं गाठोडं बांधायला लागला, तेव्हा ते त्याच्याजवळ येऊन बसले.

"शिदूला काही येत नाही, म्हणून मी त्याच्याजवळ उभा राहायचो," ते म्हणाले. "तुझ्याकडे पाठ करून मी निर्धास्त असायचो. गाठोडं सोड. उद्यापासून मी तुझ्याजवळही उभा राहीन."

केरबाला हेच तर हवं होतं. पण ते ऐकून त्याची मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी केरबाने शिदूला शेजारी बसवलं आणि सुका साचा कसा वाजतो, ओला कसा, ते ऐकायला शिकवलं. नवा साचा दोघांनी मिळून केला. आबा मागे उभे राहून बघत होते. घंटा चांगली झाली. केरबाकडे पाठ करायला मात्र आबांना पुढे बरीच वर्षं लागली.

तात्पर्य एवढंच: गुरू दुसऱ्याकडे जास्त लक्ष देतो म्हणून जळू नये, आपल्यावर त्याने टाकलेला विश्वास त्याहून मोठा असतो, आणि मत्सर आधी तो विश्वासच जाळतो.