घाटातला मागचा दिवा

गाड्यांचे दिवे आपसांत बोलत, तेव्हाची ही गोष्ट. एका गाडीचा उजवा मागचा बल्ब उडाला, म्हणून मालकाने तिथे स्वस्तातला एलईडी बसवला. त्याचा लखलखाट पाहून डावीकडच्या म्हाताऱ्या बल्बला राहवेना.

"बाळा, ब्रेक दाबल्यावर तू काय करतोस?"

"हेच. मी कायम पूर्ण तेजाने जळतो, आजोबा. तुमच्यासारखा मिणमिणत नाही."

तिन्हीसांजेला घाट उतरताना गाय आडवी आली. मालकाने ब्रेक दाबला, तसा म्हातारा भडकन उजळला. मागचा ट्रक हातभर अंतरावर थांबला.

"डावा दिवा उजळला म्हणून कळलं," ट्रकवाला म्हणाला.

एलईडी हिरमुसला. "मी त्याला दिसलोच नाही?"

"दिसत होतास की, घाटमाथ्यापासून. पण ब्रेक लागल्यावर तू नवीन काय सांगितलंस?"